गिव्ह अपचा आठवडा

भोईवाड्यात संघमित्रा येलवे कुठे राहते असं विचारलंत, तर चौघांतले दोघे ‘कोण?’ म्हणतील. टीचर कुठे राहते विचारा. कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा हातातली जुडी खाली ठेवून जिना दाखवेल.

खरं म्हणजे ती कुठल्याही शाळेत कधी शिकवायला नव्हती. शिवडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ती एकवीस वर्षं क्लार्क होती. बंदरातून निघालेला माल, तो पोचल्याची पत्रं, न पोचल्याची त्याहून लांब पत्रं, सगळं इंग्रजीत. कंपनीने गाशा गुंडाळून भिवंडी गाठली तेव्हा तिची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली होती. आईला सोडून रोज भिवंडीला जाणं जमणारं नव्हतं, म्हणून नोकरी सुटली. लग्नाचं वय त्याआधीच कधीतरी निघून गेलं होतं, त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. मग विहाराच्या कमिटीने दुपारी दोन ते चार हॉल मोकळा करून दिला आणि मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. त्यालाही आता दहा वर्षं झाली.

इंग्रजीचं वेड वडिलांचं. आनंदा येलवे रे रोडला लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायचे. कागदावर अंगठा उठवणाऱ्यांच्या घरातला हा पहिला सही करणारा माणूस. त्याने पोरीला इंग्रजी शिकायला लावलं आणि ती शिकलीही, पण शिकता शिकता तिला एक खोड लागली. चुकलेलं इंग्रजी दिसलं की तिचा हात लाल पेनाकडे जायचा. लग्नपत्रिका, खानावळीची पाटी, गाळ्यावरची नोटीस, काही म्हणजे काही सुटायचं नाही. एकदा चाळीतल्या एका मयताच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवरचं इंग्रजी सुधारायला ती खाली निघाली होती. आईने झोपल्या झोपल्या एका चालत्या हाताने तिचा पदर धरला म्हणून थांबली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेलेल्यालाही सोडणार नव्हती.

वर्गाची पद्धत तिची स्वतःची होती. आठवड्याला एकच क्रियापद घ्यायचं, तेही शेपूटवालं. ‘इंग्रजी क्रियापदाला शेपूट लागलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. पुस्तकातलं उदाहरण तिला चालत नसे. प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यात घडलेलं वाक्य आणायचं, उभं राहून म्हणायचं, आणि मग टीचर तीन प्रश्न विचारणार: व्हेन? व्हाय? अँड देन? तिसऱ्या प्रश्नाला भलेभले घसरायचे.

त्या सोमवारी तिने फळ्यावर गिव्ह अप लिहिलं.

‘गिव्ह म्हणजे देणे. अप म्हणजे वर. मग गिव्ह अप म्हणजे वर देणे का?’

‘नाय,’ वर्ग एका सुरात म्हणाला. इतक्या वर्षांत वर्ग एवढं शिकला होता.

मग तिने खाली मराठी लिहायला घेतली. नाद सोडणे. प्रयत्न करून करून शेवटी हात टेकणे. आशा सोडणे. म्हाताऱ्या माणसाला बसमध्ये आपली जागा देणे. पोलिसांच्या स्वाधीन होणे. हक्कावर पाणी सोडणे. मराठीला प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा शब्द लागतो, कधी हात लागतो, कधी पाणी लागतं. इंग्रजाने सगळं एकाच पिशवीत कोंबलंय आणि पिशवीवर लिहिलंय गिव्ह अप. आत काय आहे ते शेजारच्या शब्दावरून ओळखायचं, असं तिने सांगितलं. गिव्ह इट अप म्हणायचं, गिव्ह अप इट नाही, हेही सांगितलं.

पहिला उठला तो अमित. कुरिअरचं काम करायचा, बॅग पाठीलाच असायची. ‘आय गेव्ह अप टोबॅको.’

‘व्हेन?’

‘टुडे मॉर्निंग.’

वर्ग हसला. टीचर म्हणाली, ‘मग एवढ्यात गेव्ह म्हणू नको. शनिवारपर्यंत ट्राइंग म्हण.’

फ्लॉरेन्स आंटीला खरं तर शिकायची गरज नव्हती. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली ही शिवडीची ख्रिश्चन बाई आठवड्यातून दोनदा केवळ गप्पा मारायला, म्हणजे वर्गाच्या भाषेत कॉन्व्हर्सेशन द्यायला, येत असे. ती म्हणाली, ‘एव्हरी लेंट आय गिव्ह अप मटन. आमच्यात ईस्टरच्या आधी चाळीस दिवस काहीतरी सोडायचं असतं, बाबा. मग ईस्टरला परत घ्यायचं. परत मिळणार माहीत असतं, म्हणून सोडायला बरं वाटतं.’

कौसल्याबाई पाठीमागच्या बाकावर बसल्या होत्या. अठ्ठावन्नच्या, अंगाने शिडशिडीत. म्हाताऱ्या पेशंटांना सांभाळायला घरोघरी जायच्या. इंग्रजी बोलणाऱ्या घरात पगार बरा मिळतो म्हणून वर्गाला येत. ‘माझं बुधवारी सांगते टीचर,’ त्या म्हणाल्या. ‘जरा जुळवते.’

मंगळवारी सकाळी विकास आला. विकास म्हणजे संघमित्राचा धाकटा भाऊ. विमा कंपनीत नोकरी, बदलापूरला फ्लॅट, बायको, दोन मुली. सोबत गरम वड्यांचा पुडा घेऊन आला होता. विकास मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दर महिन्याला आईच्या औषधांचे पैसे न चुकता पाठवायचा. फक्त आईची कूस बदलायला, तिला भरवायला, धुवायला बावीस वर्षं संघमित्रा होती. आई गेल्या वर्षी गेली. चौदा नंबरच्या खोलीत आता ती एकटी राहत होती.

‘ताई, पेन हाय का ग?’

‘कशाला?’

‘काय नाय, ते खोलीचं. चाळ पाडून टॉवर होतोय ना, त्याची यादी फायनल होतेय. बाबांच्या नावावर खोली, आता कुणाचं तरी नाव चढवा बोलतायत. टॉवरमधला फ्लॅट मग त्याच नावावर येणार. तुझं ना-हरकत लागतं, बस. सगळ्या बहिणी देतात.’

ते खरंच होतं. सगळ्या बहिणी देतात. चाळीत बापाची खोली मुलाकडे जाते आणि बहीण सही करते. सही केली की तिला साडी मिळते आणि चार माणसांत चांगलं नाव मिळतं. दर एप्रिलला जयंतीच्या स्टेजवरून हाच विकास बायकांच्या वारसाहक्कावर बोलायचा. बरं बोलायचा. संघमित्रा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण गंमत अशी, की त्या दोघांपैकी एकालाही भाषणाचा आणि त्या कागदाचा संबंध लावावासा वाटला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या कमळाबाईने भावावर दावा लावला होता, तेव्हा ‘सख्ख्या भावाला कोर्टात खेचलंन’ असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांत आपली टीचरही होतीच.

विकासने कागद पुढे केला. भोईवाडा कोर्टाबाहेरच्या कुणा टायपिंगवाल्याने केलेला कच्चा मसुदा, इंग्रजीत.

संघमित्राने चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि लाल पेन उघडलं.

‘रिअल ब्रदर काय? सख्खा म्हणायचंय का? इंग्रजीत नुसता ब्रदर. खोटा भाऊ असतो का?’

विकास हसला. वडा खात बसला. ती एकेक ओळ खाली उतरत गेली. खोली एक्केचाळीस लिहिली होती, ती चौदा केली. गिव्हिंग अपला दोनदा अप लागलं होतं, एक उडवलं. प्रेम आणि आपुलकी असे शब्द एकाच परिच्छेदात दोनदा आले होते, त्यातलं एक प्रेम खोडलं. मग एका वाक्यापाशी ती अडली. ‘मी सदर खोलीवरील माझे हक्क सोडत आहे’ एवढंच होतं. पुढे खोली पडणार, तिच्याजागी फ्लॅट येणार, त्याचं काय? वाक्य तिला लंगडं वाटलं. तिने समासात बाण काढून सुवाच्य अक्षरात भर घातली: ‘आणि त्या खोलीच्या बदल्यात मिळणाऱ्या कोणत्याही घरावरील’. शेवटी, यापुढे तिथे राहण्याचा दावा करणार नाही, हे वाक्य विस्कळीत होतं, तेही नीट बांधून दिलं.

‘आता वाचायला कसं सरळ झालंय बघ,’ ती म्हणाली.

‘वा! हेच फेअर करायला टाकतो. सही शनिवारी, नोटरीसमोर.’ विकासने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तो ऑफिसला गेला. ताटलीतले दोन वडे तिच्यासाठी ठेवून गेला होता. तिने ते खाल्ले. वर्गाची तयारी केली. काही झालंय असं तिला वाटलं नाही.

बुधवारी कौसल्याबाई उभ्या राहिल्या. पदर खोचला. आणि अजिबात न अडखळता म्हणाल्या, ‘इन नाइन्टीन नाइन्टी-एट, आय गेव्ह अप माय फादर्स रूम.’

‘व्हेरी गुड!’ टीचर खूश झाली. वाक्यात कुठेही चूक नव्हती. ‘व्हाय?’

‘बिकॉज ब्रदर आस्क्ड.’

‘गुड. अँड देन?’

कौसल्याबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांचं इंग्रजी तिथे संपलं. त्या मराठीत आल्या.

‘अँड देन अकरा महिने, टीचर. भाड्याची खोली अकरा महिन्यांवर देतात ना. मग दुसरी, परत अकरा महिने. आता शिवडीला आहे ती कितवी, ते मोजायचं सोडलं.’

‘आणि भाऊ?’ अमितने विचारलं.

‘भाऊ चांगला होता रे. सही केली तेव्हा साडी घेतलीन, मटण करून जेवू घातलंन. नवरा गेला माझा, तेव्हा मी त्याच्याकडेच आले होते. तो होता तोवर कोण काय बोललं नाय. तो गेला, मग वहिनी बोलली, पाहुण्यांनी फोन करून यावं.’

फ्लॉरेन्स आंटीने हळूच विचारलं, ‘मग तू मागितलं नाही परत?’

‘ते तुमचं मटण, आंटी. ईस्टरला परत मिळतं. ह्याच्यावर सही असते.’ आणि कौसल्याबाई टीचरकडे वळून म्हणाल्या, ‘वाक्य बरोबर होतं ना?’

‘बरोबर होतं,’ संघमित्रा म्हणाली.

त्या दिवशी वर्ग दहा मिनिटं आधी सुटला, दहा वर्षांत पहिल्यांदा. ती घरी आली, दार लावलं आणि पलंगावर बसली. मंगळवारी तिने कागदातला प्रत्येक शब्द पाहिला होता, फक्त कागद वाचायचा राहिला होता. मसुदा लिहिणाऱ्याने फ्लॅटचं विसरून एक फट ठेवली होती, ती तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने बुजवली होती. आता सही झाली की पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिच्या नावावर कपडे वाळत घालायची एक दोरी, दोन पातेली आणि लाल पेनांचं खोकं एवढंच राहणार होतं. तिला भीती वाटली.

विकासला फोन करावा असं गुरुवारी वाटलं, शुक्रवारीही वाटलं. काय बोलणार? भावाकडे वाटा मागणारी बहीण म्हणजे काय असते ते तिला पक्कं ठाऊक होतं, कारण कमळाबाईबद्दल ती स्वतःच तसं बोलली होती. तिने फोन केला नाही.

शनिवारी अकराला दोघं कोर्टाबाहेरच्या जगदीशच्या टपरीत बसली होती. जगदीश टायपिंगवाला, आता टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आणि प्रिंटर आलेला. शेजारीच नोटरीचं टेबल. जगदीशने फेअर कॉपी समोर ठेवली.

‘टीचर, तीस वर्षं हेच करतोय, एवढा स्वच्छ मसुदा बघितला नव्हता. वकिलाला पण नाय जमणार.’

संघमित्राला, खरं सांगायचं तर, त्याही क्षणी बरं वाटलं. माणूस असाच असतो.

नोटरी वयस्कर होते, कागद पाहून म्हणाले, ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला का बाईंना? खाली तसं छापलंय.’

‘साहेब, टीचर हायेत त्या. त्यांना कोण समजावणार?’ जगदीश हसला.

‘मग त्यांनीच सांगू दे. कुणीतरी मोठ्याने म्हटलं पाहिजे. नियम आहे.’

विकास मोबाइल बघत होता. संघमित्राने कागद हातात घेतला आणि वर्गात सांगते तसं, एकेक वाक्य सांगायला लागली.

‘मी, संघमित्रा आनंदा येलवे, वय एकोणपन्नास. चौदा नंबरच्या खोलीत मी जन्मापासून राहते. या खोलीवरचा, आणि तिच्या बदल्यात मिळणाऱ्या घरावरचा, माझा सगळा हक्क मी माझ्या भावासाठी सोडते आहे.’

इथपर्यंत आवाज ठीक होता.

‘यापुढे मी तिथे राहण्याचा...’

ती थांबली. इंग्रजीत हे वाक्य किती गुळगुळीत झालं होतं. मराठीत ते जिभेला टोचत होतं.

‘यापुढे मी तिथे राहण्याचा दावा करणार नाही. हे मी प्रेमाने आणि माझ्या मर्जीने लिहून देत आहे.’ तिने कागद टेबलावर ठेवला. ‘विकास, मी कुठे राहू?’

विकासने मान वर केली. ‘अग, ते तसंच लिहायचं असतं. सगळेच लिहितात.’

‘लिहिलंय मी. मीच लिहिलंय. आता विचारतेय. मी कुठे राहू?’

‘मी काय तुला बाहेर काढतोय का? लोकांसमोर काय बोलतेस!’ त्याचा आवाज चढला. ‘दोन मुली आहेत मला. बदलापूरवरून रोज कसं येतो मला विचार. एक घर मिळतंय तर...’

‘ते माझं पण घर आहे.’

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती. अगदी सोपं वाक्य, पहिल्या आठवड्यात शिकवायचं.

नोटरींनी शिक्का पुन्हा डबीत ठेवला. जगदीश विकासकडे वळला. त्याच्यासमोर रोज भाऊबहिणी बसत, त्याला अशा प्रसंगांची सवय होती. ‘दोघं वारस म्हणून पण अर्ज जातो, साहेब. दोन्ही नावं. यादीत तशी आहेत बऱ्याच जणांची. दहा मिनिटांत काढून देतो.’

‘घरी काय सांगू मी?’ विकास पुटपुटला.

‘सांग, ताईने सही नाही केली,’ संघमित्रा म्हणाली. ‘खापर माझ्या डोक्यावर फोड. मला चालेल.’

तो उठला, बाहेर जाऊन उभा राहिला. रस्त्याकडे बघत बराच वेळ उभा होता. ती आत बसून होती आणि तो असाच चालू लागेल याची तिला पूर्ण खात्री होती. आईनंतर तिला तोच एक होता. घर वाचवताना तो हातचा जाणार असेल तर जाईल, असं ती मनाला सांगत होती, आणि मन ऐकत नव्हतं.

तो परत आत आला. ‘काढा,’ जगदीशला म्हणाला.

नवा अर्ज आला. त्यावर दोन नावं होती, वयाप्रमाणे तिचं आधी. विकासने सही केली, मग तिने केली. नोटरींनी शिक्का मारला. संघमित्राने जुन्या कागदाचे चार तुकडे केले आणि जगदीशच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

दोघं कोर्टाच्या दारापर्यंत आली. विकासला परळ स्टेशनकडे जायचं होतं, तिला घरी. तो निघेना. पायातल्या बुटाकडे बघत म्हणाला, ‘ताई, आईशप्पथ सांगतो. तू कुठे राहणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाय ग. एकदा पण नाय आलं.’

तो खरं बोलत होता. त्याने ठरवून केलं असतं तर ती भांडली असती, चार शब्द सुनावले असते, पुढे कधीतरी मिटलंही असतं. हे ऐकून मात्र तिला रडू आलं, आणि तिथेच, पक्षकारांच्या आणि काळ्या कोटांच्या गर्दीत, ती रडली.